आधी हवा अडवा, मग रिमॅपचं बोलू

कोल्हापुरात टर्बो गाडी आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रिमॅप मारलाय का?" म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललाय का. दुसरा सायलेन्सरचा. होजच्या क्लिपा कधी बदलल्या, हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही. आणि घरच्या घरी टर्बो गाडी सांभाळायची तर निम्मं काम त्या क्लिपांतच असतं. टर्बोनं, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरणाऱ्या पंख्यानं, दाबलेली हवा सगळीच्या सगळी इंजिनात पोचली पाहिजे, आणि पोचेपर्यंत गार झाली पाहिजे. जुन्या गाडीत एवढं जमवलं तरी असा पिकअप परत येतो की लोकांना वाटतं काहीतरी बाहेरून बसवलंय.

माझी गाडी २०११ ची लिनिया टी-जेट. रांजणगावच्या कारखान्यातली, १,३६८ सीसी, ११४ पीएस, २०७ न्यूटन-मीटर. आज हे आकडे ऐकून कुणी भुवया उंचावणार नाही, पण गगनबावड्याच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमला पाय दाबला की कळतं. मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, लॅबमध्ये. दिवसभर कास्टिंगच्या चिरा शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या गाडीखाली झोपायचं, यात घरच्यांना काय गंमत वाटते कुणास ठाऊक. सासूबाईंनी मात्र जुन्या साड्या हात पुसायला काढून ठेवल्यात, त्यामुळं तक्रार नाही.

गळती शोधायचं साधन विकत मिळतं, पण लेथ-वर्कशॉपांचं उद्यमनगर दहा मिनिटांवर असताना कशाला घ्यायचं? एअर फिल्टरनंतरच्या पाइपाचं आतलं माप घेतलं, नायलॉनचा गोल ठोकळा टर्निंग करून आणला, मध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. लेथवाल्या दादांनी विचारलं, "ताई, पंपाचं हाय का?" शेतीपंपाच्या गावात हा प्रश्न अगदी रास्त. मी सांगितलं टर्बोचं आहे, तर म्हणाले, "मग ओठ ठेवूया जरा, न्हाईतर दाबानं सुटून तोंडावर यील." माझ्या चित्रात तो ओठ नव्हता. त्यांनी स्वतःहून ठेवला आणि पैसे तेवढेच घेतले.

हा गट्टू टर्बोच्या तोंडाला घट्ट बसवायचा आणि फूटपंपानं दहा-बारा पीएसआय हवा भरायची. इंजिन बंद. मग कान लावायचा आणि साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक सांध्यावर सोडायचं. थोडी हवा इंजिनातून निसटतेच, ते धरून चालायचं. माझ्या गाडीत इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, खालच्या होजला क्लिपेच्या कडेनं बारीक फेस आला, तांदळाच्या पेजेवर येतो तसा. तिथं आधीपासून तेलकट धूळ चिकटलेली होतीच. स्प्रिंगची क्लिप इतक्या वर्षांनी कुठल्याही गाडीची सैल पडते. स्टीलची टी-बोल्ट क्लिप बसवली, विषय संपला. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा, म्हणजे पाय उचलला की जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा, पडदाही याच वेळी बघून घ्यावा. तो फाटला की दाबलेली हवा फिरून टर्बोच्या तोंडाशीच जाते आणि माणूस उगाच टर्बो बदलायला निघतो.

हे सगळं थंड बाजूचं. गरम बाजू जास्त छळते.

सकाळी गाडी सुरू केली की पुढून टिक-टिक असा आवाज, आणि इंजिन तापलं की गायब. हे लक्षण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून टर्बोला देणारा बिडाचा भाग, इंजिनाच्या हेडला जिथं बसतो तिथल्या गळतीचं. धातू तापून फुगला की फट मिटते. पण फट आहे तोवर टर्बोचं चाक फिरवायला जाणारा वायू तिथूनच निसटतो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, उशिरा येतो आणि ऑक्सिजन सेन्सरलाही चुकीचं दिसतं. स्टडवर जंग सोडवायचं तेल रात्रभर सोडून ठेवलं, तरी एक स्टड नटासकट तुटलाच. उरलेल्या बुडख्यावर नवा नट वेल्डिंग करून तो लाल असतानाच पाना फिरवायचा, म्हणजे निघतो. वेल्डिंगवाले दादा घरी आले, चहा घेतला आणि स्टड काढून दिला.

टर्बोसकट मॅनिफोल्ड खाली आल्यावर मला खरं आवडतं ते काम होतं. डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट. पृष्ठभाग स्वच्छ करायचा, लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा, थांबायचं, पुसून घ्यायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा वायू टर्बोच्या चाकाला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, भोकाजवळ केसाएवढ्या दोन रेघा हळूहळू वर आल्या. त्या भागात अशा चिरा बऱ्याच टर्बोंत असतात, खोल नसतील तर घाबरायचं नाही. मॅनिफोल्डच्या दोन पोर्टांच्या, म्हणजे वायूच्या तोंडांच्या, मधल्या भागात रेघ आली असती तर मात्र मी तो परत बसवला नसता. साध्या बिडाला वेल्डिंग करून ती जागा टिकवता येत नाही. टर्बोआधीचा वायू पेट्रोल गाडीत नऊशे अंशांपर्यंत जाऊ शकतो, एवढ्या उष्णतेत बिडाची आतली रचनाच बदलत राहते आणि प्रत्येक तापण्या-थंडावण्याला ते थोडं वाढतं, वाकतं. म्हणून अशा कास्टिंगला चार टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि जोडीला मॉलिब्डेनम घालतात, आमच्याकडं त्याला सिमो म्हणतात. माझ्या मॅनिफोल्डला चीर नव्हती, हेडकडचा तोंडवळा वाकला होता. सरळपट्टी ठेवून फिलर गेज सरकवला की दिसतं. टर्बोचा कोअर, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग, वेगळा काढून उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं आणि नवं पॅकिंग, नवे स्टड.

कोअर हातात असताना शाफ्ट हलवून बघाच. आडवा किंचित हलतो, घाबरू नका. ती बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगत चालते आणि तेल नसताना तेवढी जागा जाणवणारच. पुढं-मागं हलला किंवा चाकाची पाती घराला घासलेली दिसली तर खर्चाची तयारी ठेवा. बसवताना तेलाच्या पाइपातून स्वच्छ ऑइल ओतायचं आणि इंधनाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा. मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेणाऱ्या शाफ्टला पहिले काही सेकंद कोरडे देण्यात अर्थ नाही.

ऑइलबद्दल मी हट्टी आहे. ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरात बदल. चेंबरच्या नटाचा वॉशर दर वेळी नवा. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवत यायचं. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून कोळसा होतं.

आता उष्णतेचं. ०.८ बार दाबली की हवा शंभर अंशांच्या पुढं जाते, इंटरकूलर ती खाली आणतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर हे दिसतं. हायवेला हवेचं तापमान छान असतं, दाभोलकर कॉर्नरला सिग्नलवर उभं राहिलं की चढत जातं. दर तीन अंशांना साधारण एक टक्का हवा कमी. म्हणून मी कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर, लावलेला नाही. बॉनेटखालची गरम हवा ओढून नुसता आवाज वाढतो, आणि इनटेक खाली आणला की पावसाळ्यात दुसरी भीती, इंजिनानं पाणी ओढायची. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा टर्बो आणि इनटेक पाइपाच्या मध्ये एक मिलिमीटर स्टेनलेसचा पत्रा वाकवून लावलाय. दिसायला अगदीच पत्र्याचा डबा, पण काम करतो.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं स्कॅनरवर अजून एक गोष्ट दिसली, लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधनात करतो ती कायमची दुरुस्ती, वर सरकला. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त टाकावं लागतं, अॅव्हरेज थोडं पडतं. ऑक्टेन, म्हणजे दाबात अवेळी न पेटायची ताकद, मात्र चांगला, टर्बोला ते मानवतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं आपल्याच टाकीत येतं म्हणून कौतुक आहेच, पण २०११ च्या गाडीच्या रबरी इंधन पाइपांचं काय? मी माझे बदलून टाकले.

शेजारचा पोरगा तरीही विचारतोच, "काकी, रिमॅप कधी?" त्याला सांगते, आधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर, कारण गगनबावड्याचा घाट उतरायलाही लागतो. शिवाय गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इन्शुरन्सवाल्यांचे प्रश्न आहेत. कॅटॅलिटिक, म्हणजे धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग, काढून टाकणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही, मागच्या गाडीवाल्याच्या नाकाला विचारा म्हणते.

पावसाआधी टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप करायचाय. या इंजिनाला बेल्ट बदलताना कॅमशाफ्ट हलू नये म्हणून तो लॉक करायची टूल लागतात. इकडं कुणाकडं असतील तर माप घेण्यापुरती द्या. मी उद्यमनगरात दोन सेट करून घेते, एक तुमचा.