हौद्यावरची कमान

सोमवार

पिकअपच्या केबिनमागे उभी राहणारी ती नळीची कमान, म्हणजे स्पोर्ट बार, डोळ्यांत भरते, यात वाद नाही. व्ही-क्रॉस असो की हायलक्स, बाजूने पाहिलं की केबिन एकदम संपते आणि पुढे सपाट हौदा लागतो. ही पायरी डोळ्याला खटकते आणि बार ती उतरती करून टाकतो. स्पोर्ट बारचं मूळ काम एवढंच. हे आधी मान्य केलं की पुढचा हिशेब सोपा जातो.

घोळ नावातून होतो. गॅरेजात याच वस्तूला सर्रास ‘रोल बार’ म्हणतात आणि मग गाडी उलटली तर हा बार छप्पर तोलून धरेल असं मनात बसतं. खरा रोल बार चासीला किंवा केबिनच्या सांगाड्याला जखडलेला असतो, त्याच्या पायाखाली जाड प्लेट असते. स्पोर्ट बार उभा असतो हौद्याच्या कडेवर, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दुमडलेल्या पत्र्यावर. गाडी कोलांटली तर नळी वाकण्याआधी तिच्या पायाखालचा पत्राच फाटेल. सुरक्षिततेच्या नावाखाली बार घ्यायचा असेल तर तो विचार इथेच सोडावा.

मंगळवार

आज हौद्याची मापं. डबल केबिनच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब. बारचे तिरके पाय कडेवर मागे सरकत जातात, कुठे 60 सेंटिमीटर, कुठे 90. तेवढ्या पट्ट्यात बाजूला उभं राहून क्रेट आत टाकता येत नाही. फाळका उघडून मागूनच भरायचं, मागूनच उतरवायचं. महिन्यातून एकदा गॅस सिलिंडर आणि सहलीच्या बॅगा नेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. आंब्याच्या हंगामात दिवसाला दोन खेपा करणाऱ्याला मात्र चौथ्या दिवशीच पाठ आठवण करून देते.

वजनाचा अंदाज कागदावर काढता येतो. 76 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची स्टीलची नळी मीटरला सुमारे 3.6 किलो भरते. पूर्ण कमानीला पाच-सहा मीटर नळी लागते, म्हणजे 18 ते 22 किलो, वर पायाच्या प्लेटा. जाडी 3 मिलिमीटर घेतली तर मीटरला साडेपाच किलोच्या जवळ. ‘जाड तेवढं मजबूत’ म्हणून ती घेऊ नये. कमजोर कडी नळी नाहीच, खालची कड आहे.

बारच्या आडव्या नळीवर शिडी किंवा पाइप टेकवून बांधायचा मोह हमखास होतो. साठ किलोचं सामान तिथे बांधलं आणि करकचून ब्रेक मारला, तर पुढच्या दिशेला जवळजवळ 48 किलोचा रेटा बसतो, तोही कडेपासून अर्धा मीटर वर, तरफेसारखा. एकदा बसणारा झटका पत्रा सोसतो. तो थकतो रोजच्या खड्ड्यांनी. आधी बोल्टाच्या भोकाशेजारी रंगाला केसाएवढी चीर पडते, मग तिथून तांबूस ओघळ येतो. बारवर भार किती चालेल हे बनवणाऱ्याने लिहून दिलेलं नसेल तर तो शून्य समजावा. दोऱ्या हौद्यातल्या हुकांनाच बांधाव्यात.

(आणि गणपतीच्या मिरवणुकीत त्या नळीला धरून मागे चौघं उभी राहतात, ते तर नकोच. मालाच्या हौद्यात माणसं नेणं नियमात बसत नाही आणि बार कठडा म्हणून बनवलेलाही नसतो.)

बुधवार

कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीवेळी निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या बंपरवर लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवलं होतं. तो गार्ड पादचाऱ्याला इजा करतो आणि एअरबॅगच्या वेळेत ढवळाढवळ करतो. मागच्या बारला हे दोन्ही आक्षेप तितके लागू नाहीत, पण म्हणून तो आपोआप कायदेशीर ठरत नाही. त्यातल्या त्यात सुरक्षित वाट अशी: गाडीच्या कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतला बार, शोरूमच्या बिलावर त्याचा उल्लेख, उंची छपरापेक्षा कमी, रुंदी गाडीच्या आत. फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायचा असेल तर आधी आरटीओत विचारावं.

विम्याच्या कंपनीलाही किमतीसकट कळवायचं. पॉलिसीत न लिहिलेल्या ॲक्सेसरीचे पैसे क्लेममध्ये मिळत नाहीत.

गुरुवार

धातू. बाजारात चकाकणारं सगळंच ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून विकलं जातं, पण 202 आणि 304 या दोन ग्रेडांत फरक मोठा. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं. घाटमाथ्यावर 202 चार-पाच वर्षं रेटून नेता येईल. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत त्यावर पहिल्याच पावसाळ्यानंतर चहाच्या डागांसारखे ठिपके उठतात. लोहचुंबक लावून पाहायची युक्ती इथे चालत नाही, कारण दोन्ही प्रकार जवळपास चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. स्टीलवाल्यांकडे तपासणीचं द्रावण मिळतं, त्याचा एक थेंब घासलेल्या जागी टाकला की रंग बदलून सांगतो.

जोड आर्गॉन वेल्डिंगचे हवेत, आणि वेल्डशेजारचा निळा-तपकिरी पट्टा पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढलेला. नुसतं बफिंग केलं तर चमक येते, पण गंज तिथूनच सुरू होतो. काळा बार हवा असेल तर माइल्ड स्टीलवर पावडर कोटिंग स्वस्त पडतं, मात्र नळीची टोकं बंद आहेत का ते पाहावं. उघड्या टोकातून पाणी शिरलं की कोटिंग बाहेरून नवंकोरं दिसतं आणि नळी आतून खात जाते.

शुक्रवार

बसवणी. सगळी गोम इथे आहे.

केबिन आणि हौदा हे चासीवर बसलेले दोन वेगळे डबे आहेत. खराब रस्त्यावर पुढच्या गाडीकडे नीट पाहिलं तर दोघांमधली फट कमी-जास्त होताना दिसते. म्हणून बार फक्त हौद्यालाच धरायचा, केबिनला एकही बोल्ट नको आणि केबिनच्या पाठीपासून 25 ते 30 मिलिमीटर मोकळी जागा हवीच. दोन्हींना बांधलं तर काही महिन्यांत एकतर बारचा वेल्ड तडकतो किंवा मागच्या काचेची चौकट.

भोक पाडून बोल्ट मारायचा की क्लँप, म्हणजे कडेला आवळून धरणारी पकड? जिथे कडेला खालून ओठ आहे तिथे क्लँपच. चार ते सहा क्लँप लागतात. हौद्याच्या कडेवरच्या प्लास्टिक टोपीवरून मात्र क्लँप आवळू नये. उन्हात प्लास्टिक दबत जातं आणि पंधरा दिवसांत बार खडखडू लागतो. टोपी तेवढ्यापुरती काढायची किंवा कापायची, आणि मध्ये 3 मिलिमीटरचं ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं) रबर घालायचं. स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो. रबराचं दुसरं काम म्हणजे स्टेनलेस आणि साध्या पत्र्याला एकमेकांना चिकटू न देणं. खारट ओलीत हे दोन धातू भिडले की गंजतो तो गाडीचा पत्रा, बार नाही.

भोक पाडणं टळत नसेल तर मास्किंग टेप लावून आधी 3 मिलिमीटरचं, मग टप्प्याटप्प्याने मोठं. कडा कानशीने मारायच्या, झिंक प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, आणि वाळेपर्यंत थांबायचं. हे थांबणं बहुतेक ठिकाणी होत नाही, ओल्या रंगावरच बोल्ट आवळला जातो. लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने काढावा, पाण्याने धुवून काढायला गेलं तर तो कडेच्या पोकळीत जाऊन बसतो. खालून 4 मिलिमीटरची, तळहाताएवढी प्लेट, म्हणजे भार पसरतो. भोक पाडल्यावर गंजाची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं, हेही धरून चालावं.

एम-8 (8 मिलिमीटरचा) बोल्ट पत्र्यावर टॉर्क पान्याने 15 ते 18 न्यूटन मीटरपर्यंत आवळला की पुरे. पुढे ओढलं तर रबर चेपतं आणि कड वाकते. स्टेनलेस बोल्टावर स्टेनलेस नट असेल तर आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावावी. नाहीतर ते आटे एकमेकांत जाम होतात आणि उघडताना बोल्ट कापावा लागतो. शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळणं, पाचशेनंतर पुन्हा, मग दर सर्व्हिसला.

शनिवार

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. तिसरा ब्रेक दिवा काही गाड्यांत केबिनच्या मागच्या कडेला असतो आणि बारची आडवी नळी बरोबर त्यासमोर येते. मागच्या गाडीवाल्याच्या नजरेच्या उंचीवर बसून तपासावं. बारवर मागे तोंड करून पांढरे दिवे लावून रस्त्यावर पेटवणं म्हणजे मागच्याला आंधळं करणं, आणि दंडाला आमंत्रण.

आवाज. ताशी 90 किलोमीटरला वारा 76 मिलिमीटरच्या नळीवरून जाताना साधारण 65 हर्ट्झची घूं काढतो. केबिनच्या आडोशाला ती दबते, पण बार छपराच्या रेषेला टेकत असेल तर मागच्या सीटवर जाणवते. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर तो नळीचा नसतो, एखादं उघडं भोक शोधावं.

रविवार

क्रम चुकला की पैसे वाया जातात. हौद्यावर रोलर झाकण कधी काळी घ्यायचं असेल तर आधी झाकण, मग बार. झाकणाची गुंडाळी ठेवायचा डबा केबिनमागची जागा घेतो आणि त्याच्या पट्ट्या कडेवर नेमक्या तिथेच बसतात जिथे बारचे पाय यायचे असतात. आधी घेतलेला बार मग अंगणात पडून राहतो. पूर्ण कॅनॉपी, म्हणजे हौद्यावरचं बंद छप्पर, घ्यायची असेल तर बारचा प्रश्नच नाही.

तूर्त निर्णय असा: हौदा रोज कामाला लागणार असेल तर बार नाही. काचेला लांब सामान लागण्याची भीती असेल तर हौद्याच्या पुढच्या भिंतीला धरलेली सरळ जाळी स्वस्त आणि उपयोगी. हौदा झाकलेला राहणार असेल आणि गाडी हौसेची असेल तर क्लँपवरचा 304 चा बार, दिव्यांशिवाय.

आणि तरीही मन कमानीकडेच ओढत असेल तर प्लंबरकडचा 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा. जाडी डोळ्याला स्टीलच्या नळीएवढीच. सहा मीटर पाइप, चार बेंड, हॅकसॉ आणि ताडपत्रीची दोरी. तशी खोटी कमान हौद्यात बांधायची आणि गाडी घराशी उभी असतानाच आठवडाभर तिच्याशी वागून पाहायचं: आरशातून मागचं किती झाकलं जातं, बाजूने क्रेट उचलून आत जातो का, फाळक्यातून आत चढून पुढच्या कोपऱ्यातलं सामान काढताना डोकं कुठे आपटतं. गाडी रस्त्यावर काढण्याआधी दोरी सोडायची. आवडली नाही तर पाइप गच्चीच्या पागोळीला लावता येतो.