डायलिसिस चालू असताना कॅल्शियमची गोळी : तुम्ही विचारलंत म्हणून

"बाबांचे डायलिसिस चालू आहे, कंबर आणि पाय फार दुखतात, कॅल्शियमची गोळी, दोन वेळा दूध आणि नाचणीचे सत्त्व घरच्या घरी सुरू केले तर चालेल ना?" मूत्रपिंडाच्या रुग्णांना आहार सांगण्याचे काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे थोडक्यात उत्तर 'रिपोर्ट पाहिल्याशिवाय नाही' असे आहे. पण नुसत्या नकाराने कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांतच असतो. जेवणातून आलेला जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणे आणि ड जीवनसत्त्वाला त्याचे सक्रिय रूप देणे ही दोन्ही कामे मुख्यतः मूत्रपिंडांची. ती मंदावली, की फॉस्फरस साचू लागतो. तो बाहेर काढण्यासाठी हाडांमधून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक अधिक स्रवते, ते सक्रिय ड जीवनसत्त्व आणखी घटवते, परिणामी आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, आणि मग गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम वाढते. तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारणपणे चार असणाऱ्या या ग्रंथी रक्तातील कॅल्शियम घसरू देत नाहीत, आणि त्यासाठी त्या हाडांतला साठा वापरतात. पगार पुरत नाही म्हणून दरमहा मुदत ठेव मोडून घरखर्च भागवावा, तसा हा व्यवहार आहे. म्हणूनच 'कॅल्शियम नॉर्मल आले' हे वाक्य ऐकून मी निश्चिंत होत नाही. हे सारे डायलिसिसच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते आणि तेव्हा काहीही दुखत नसते. (या ग्रंथी इतक्या बारीक, की १८५०च्या सुमारास त्या प्रथम दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या गळ्यात, माणसातील त्यांचे रीतसर वर्णन इवार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले.)

मग वरून कॅल्शियम दिले तर हाडांची झीज भरून का निघू नये? कारण फॉस्फरस आधीच वाढलेला असताना आलेले जादा कॅल्शियम हाडांत न बसता रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर बसू शकते. शिवाय हाडांचा हा विकार एकाच प्रकारचा नाही. काही रुग्णांत पॅराथायरॉइडच्या संप्रेरकामुळे, म्हणजे रिपोर्टवरच्या पीटीएचमुळे, हाडांची मोडतोड बेसुमार वाढते. तर काहींत ते संप्रेरक फार दाबले गेल्यामुळे हाडांची नित्याची दुरुस्तीच थंडावते, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचा अतिरेक हे त्यामागचे एक कारण असते. दोन्हींत हाडे दुखू शकतात, दोन्हींत ती मोडू शकतात, आणि उपचार मात्र जवळजवळ उलटे. त्यामुळे कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतील उलाढालीचा अंदाज देणारे रक्तातील विकर) हे चार आकडे एकत्र, आणि तेही मागील काही महिन्यांच्या रिपोर्टांशी ताडून पाहावे लागतात. डायलिसिसच्या रुग्णांत पीटीएच प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट असणे मार्गदर्शक तत्त्वांत ग्राह्य मानले आहे. म्हणून रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून एकदम घाबरू नये.

गोंधळ वाढतो तो डॉक्टर स्वतःच कधी कधी कॅल्शियम ॲसिटेट लिहून देतात म्हणून. ती गोळी फॉस्फरससाठी असते : अन्नातील फॉस्फरसला पोटातच बांधायचे आणि शौचावाटे बाहेर काढायचे. याच कामासाठी कॅल्शियम नसलेली सेव्हेलॅमरची गोळीही देतात. या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. एका काकूंनी काकांच्या गोळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा डबीत फार व्यवस्थित लावल्या होत्या. मात्र फॉस्फरसची गोळी झोपताना दुधाच्या कपाबरोबर दिली जात होती आणि दुपारची आमटी-भाकरी गोळीशिवायच होत होती. गोळीचा डबा पलंगाजवळून उठून जेवणाच्या ताटाशेजारी गेला, एवढाच बदल आम्ही केला. उपवास असेल, जेवण झाले नसेल, तर ती गोळी घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटी घेतलेले कॅल्शियम उलट रक्तात अधिक शिरते.

"डायलिसिस करतोच की, मग फॉस्फरस निघत नाही का?" निघतो, पण चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये जेमतेम ग्रॅमभर, बहुधा त्याहूनही कमी, आणि रोजच्या जेवणात तो साधारण ग्रॅमभर येत असतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करूनही हिशेब पुरता जुळत नाही, आणि आपल्याकडे तर कित्येकांचे दोनदाच होते.

पथ्याच्या नावाखाली डाळ बंद करणे मला मुळीच पटत नाही. डाळी-कडधान्यांतील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्याने आपले आतडे तो पूर्ण शोषू शकत नाही, आणि डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिने तर जास्तच लागतात. रिपोर्टमधील पोटॅशियम पाहून डाळीचे प्रमाण ठरवता येते. खरा घात पाकीटबंद पदार्थांतील फॉस्फेटचा असतो, कारण तो जवळजवळ सगळा शोषला जातो : कोला, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, काही बेकरीचे पदार्थ. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांपैकी फॉस्फेटचा क्रमांक दिसला, तर ते पाकीट दुकानातच परत ठेवावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. जेवणातील एखादी भाकरी सहसा हिशेबात बसवता येते, पण दुधातले सत्त्व दोन्ही वेळा, तेही फॉस्फरसच्या गोळीशिवाय, हे नको.

आणखी एक गोष्ट. हाडे दुखतात म्हणून घरचे लोक परस्पर हाडांच्या डॉक्टरांकडे जातात आणि तिथे हाडांची घनता मोजून ठिसूळपणाचे इंजेक्शन सुचवले जाते. घनतेच्या त्या तपासणीतून वर सांगितलेल्या दोन प्रकारांपैकी कोणता हे कळत नाही. त्यांपैकी डेनोसुमॅब या इंजेक्शनाने डायलिसिसच्या रुग्णांत रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये त्याबद्दल सर्वात कडक इशारा जोडला आहे. म्हणून त्या भेटीला जाताना डायलिसिसची फाइल आणि ताजा पीटीएच बरोबर न्यावा, आणि कोणतेही इंजेक्शन घेण्याआधी आपल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन करावा.