रियाजासाठी घर शोधताय? मिरज बघा

पुण्या-मुंबईच्या भाड्यात रियाजाची खोली बसत नसेल तर मिरज पाहावं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहिले आणि १९३७ मध्ये निधनानंतर इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. या दर्ग्याच्या उरुसात आजही गाणं होतं. सतार-तंबोरे बनवणारी घराणी गावातच असल्यानं जवारी (तारेला गुंजणारा नाद देणारी घोडीची घडण) बिघडली की वाद्य पार्सल करावं लागत नाही. मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोरा घेताना भोपळ्याच्या जोडावर आणि देठापाशी बारीक चीर आहे का, ते उजेडात तपासा. भोपळा नीट वाळलेला नसेल तर पुढे तडकतो. जवारी कारागिराकडून तुमच्या पट्टीत लावून घ्या. काळी एक या पट्टीला लावलेली जवारी पांढरी पाचला तशीच बोलेल असं नाही.

घर ठरवताना भाड्याआधी दोन प्रश्न: पहाटे गायलेलं चालेल का, आणि २०१९ च्या पुरात इथे पाणी आलं होतं का? शेजारच्या सांगलीत नदीकाठी स्वस्त खोली दिसली तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वाद्यं असतील तर तळमजला नकोच.

कमाईचं मात्र कठीण. मानधनाच्या मैफली थोड्या, शिकवण्यांचे दर कमी. तरी जंक्शन असल्यानं पुण्याला थेट गाडी मिळते आणि कोल्हापूर साधारण पन्नास किलोमीटरवर. तिथे गाण्यासाठी देवल क्लब आहे, आणि कलानिकेतन, दळवीज आर्ट्‌स या कलाशाळांमुळे चित्रकारांचीही सोय होते. आधी महिनाभर भाड्यानं राहून पाहा, शक्यतो उरुसाच्या दिवसांत. ओळखी तेव्हाच होतात.