दहा दिवस, आणि वर चार

२६ मार्च २०२०, गुरुवार. लॉस एंजेलिसमध्ये लॉकडाउन लागून जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या हेल्पलाइनचं केंद्र बंद, म्हणून मी घरातल्या कपड्यांच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या मधे खुर्ची टाकून बसले होते. माझं बोलणं मुलांच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठी. जीव द्यायचा विचार करणाऱ्या माणसांशी बोलणं हे माझं काम. (इथे सांगितलेल्या माणसांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.)

त्या आठवड्यात बंदुकीच्या दुकानांचा घोळ चालला होता. कल्व्हर सिटीतल्या दुकानाबाहेरच्या रांगा सगळ्यांनी बातम्यांत पाहिल्या होत्या. मंगळवारी लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख, अलेक्स व्हिलानुएवा म्हणाले, ही दुकानं अत्यावश्यक नाहीत, बंद करा. बुधवारी ते थांबलं. कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर न्यूसम यांनी निर्णय ज्या त्या शेरीफवर सोडला, आणि गुरुवारी पुन्हा बंदचा हुकूम निघाला.

सकाळी सॅन गॅब्रिएल व्हॅलीतून एका चिनी वंशाच्या बाईचा फोन आला. दुकानात एक माणूस तिच्या अंगावर थुंकला होता, 'हा रोग तुम्हीच आणलात' म्हणून. तीन रात्री तिला झोप नव्हती. घरात ती आणि म्हातारी आई, दोघीच. बंदूक घ्यायला गेली तर शटर खाली. "रात्री कुणी दार फोडलं तर पोलीस किती वेळात येतील?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दुकानं उघडी हवीत म्हणणाऱ्यांना मी सरसकट वेड्यात काढत नाही, ते तिच्यामुळे.

दुपारी दुसरा फोन आला. बाई अगदी दबक्या आवाजात बोलत होती. नवरा साठीचा, मोठ्या हॉलमधल्या लग्नसमारंभांत वाढपी. एका आठवड्यात सगळी कामं रद्द झालेली. १६ तारखेला त्याने पिस्तुलाचे पैसे भरले होते. कॅलिफोर्नियात पैसे भरले की लगेच हत्यार हातात मिळत नाही, दहा दिवस थांबावं लागतं. पावती फ्रिजवर लावलेली होती, आणि २६ तारखेभोवती लाल पेनाने गोल. "घेतलं तेव्हा म्हणाला चोरांसाठी. पण चार दिवसांपासून बँकेची, विम्याची कागदपत्रं लावत बसलाय. आज गेला होता. बंद होतं, परत आला."

तिला म्हटलं, त्यांना फोन देता का?

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही, उलट दार उघडतं. ते म्हणाले, "आज सकाळपर्यंत ठरलेलं होतं." मग रडले. पन्नास मिनिटं बोललो. घराच्या हप्त्याबद्दल, मुलीबद्दल, गुडघ्याबद्दल. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की पावती मुलीकडे द्यायची आणि सोमवारी मी फोन करायचा.

माणूस मरणाच्या विचाराच्या अगदी टोकावर फार वेळ राहत नाही. ती वेळ टळली की बहुतेक जण परत फिरतात. पण हातात बंदूक असेल तर परत फिरायला सवड मिळत नाही. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहातले जवळपास नऊ जण जातात. त्या एका मार्च महिन्यात देशभरात बंदूकखरेदीशी निगडित, माणसाची पार्श्वभूमी पाहणाऱ्या ३७ लाखांहून जास्त सरकारी तपासण्या झाल्या. शेजारच्या नेवाडात तर थांबायची अटच नाही. वर्षअखेर बंदुकीने गेलेल्या ४५,००० वर माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ती स्वतःवरच चालवलेली होती. बातम्यांत हक्काची भांडणं होती, चोरांची भीती होती, ही माणसं कुठेच नव्हती.

कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. माकडं आणि डुकरं हाकलायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबा कुरकुरायचे, बागेची नासधूस व्हायची, पण मतदान उरकलं की बंदूक परत घरी. हक्क कुठे गेला नव्हता, फक्त तापलेल्या दिवसांत हत्यार लांब ठेवलेलं होतं. साथीच्या त्या पहिल्या आठवड्यांत इथेही तेवढंच करायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. सकाळच्या त्या बाईला मी हे कसं समजावलं असतं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

शनिवारी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यातल्या एका यंत्रणेने बंदूकविक्रीची दुकानं अत्यावश्यक सेवांच्या यादीत घातली. यादी सल्ल्यापुरतीच होती, पण सोमवारी शेरीफनी बंदी मागे घेतली.

ती बातमी वाचून मी ठरल्या वेळेच्या आधीच फोन लावला. तीन रिंग, चार रिंग. माझ्या हाताला घाम आला होता. मग त्यांनीच उचलला.

"दुकान उघडलंय," ते म्हणाले.

"हो, वाचलं मी."

"मी फोन केला होता त्यांना. खरेदी रद्द केली. थोडे पैसे कापून घेणार म्हणे." मागे भांड्यांचा आवाज येत होता. "घेऊ देत. बायको जेवायला बोलावतेय, ठेवू का?"