सीनडेस्मस आणि प्लास्टिकची पूड: बरण्यांची ताजी नोंद

सीनडेस्मस म्हणजे गोड्या पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ. प्लास्टिकच्या पुडीने त्याची वाढ खुंटते का, हे मी घरी बरण्यांत पाहतो आहे. बरण्या आता छान हिरव्या झाल्या आहेत. प्लास्टिकची पूड घातलेल्या बरणीतला पेशींचा आकडा साध्या बरणीपेक्षा खाली आहे, पण "प्लास्टिकमुळे वाढ खुंटली" असं लिहायला मी अजून तयार नाही. घरी हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येणार, म्हणून जरा सविस्तर.

बरण्या चार, सगळ्या काचेच्या, तोंडाला कापसाचा बोळा. शेवाळ वाढवायला बोल्ड्स बेसल मिडियम हे क्षारांचं पोषक पाणी, एकच एलईडी ट्यूब, 12 तास उजेड, 12 तास अंधार. पहिलीत नुसतं शेवाळ. दुसरीत पॉलिप्रॉपिलीनची पूड: बुडाशी त्रिकोणात 5 आकडा असलेला डबा कानशीने घासला आणि पूड 200 मेशच्या स्टीलच्या चाळणीने चाळली, म्हणजे कण साधारण 75 मायक्रॉनच्या आतले. पॉलिशपेपर वापरू नका, त्याची खर पुडीत मिसळते. तिसरीत त्याच चाळणीने चाळलेली शाडू. चौथीत प्लास्टिक भिजवून गाळून घेतलेलं पाणी, प्लास्टिकमधली रसायनं उतरतात का ते पाहायला.

शाडूची बरणी नसेल तर बाकीच्या तीन मांडण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. पाण्यात कसलेही कण पडले की उजेड अडतो आणि पेशी त्यांना चिकटतात. नदीत गाळ नेहमीचाच. प्लास्टिक काही वेगळं करतं का, हे त्या गाळाशी ताडूनच कळेल. माझ्याकडे शाडूच्या बरणीतही आकडा उतरला आहे, जवळजवळ प्लास्टिकइतकाच.

चौथ्या बरणीवर मात्र माझा पूर्ण भरवसा नाही. साध्या एक नंबर गाळणकागदाची छिद्रं 11 मायक्रॉनची. त्याहून बारीक कण खाली उतरतातच, त्यामुळे तिथे "नुसती रसायनं" आहेत असं म्हणता येत नाही.

आता खरी मेख. न्यूबाउर चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीवर, थेंब ठेवून 40च्या भिंगाखाली पाहिलं. मोकळ्या पाण्यात चार-चार पेशींच्या ओळी, टोकाच्या पेशींना काटे, अगदी चित्रातल्यासारख्या. शेजारी पॉलिप्रॉपिलीनची एक कपची, कडेने फाटलेली. फाटलेल्या प्रत्येक खाचेत पेशी दाटीवाटीने बसलेल्या, एकीवर एक, मधे चिकट पारदर्शक थर. त्या मोजायच्या कशा? चौकोनातल्या सुट्ट्या पेशीच मोजल्या जातात, चिकटलेल्या हिशेबातून निसटतात. म्हणजे आकडा उतरला तरी शेवाळ कमी झालंच असेल असं नाही, ते जागा बदलून बसलेलं असू शकतं.

म्हणून यापुढे मोजणीच्या जोडीला हरितद्रव्यही काढणार. बरणी हलवून ठरावीक पाणी कणांसकट गाळायचं, कागद स्पिरिटमध्ये अंधारात ठेवायचा आणि उतरलेला हिरवा रंग चारही बरण्यांचा शेजारी शेजारी ताडायचा. यात चिकटलेल्या पेशीही धरल्या जातात.

दुसरी गंमत वजनाची. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9च्या आसपास, त्यामुळे पूड आधी पृष्ठभागावर तरंगत होती. शेवाळाचा थर चढल्यावर बऱ्याच कपच्या तळाशी गेल्या. प्लास्टिक शेवाळाचं काय करतं हे शोधायला बसलो आणि शेवाळ प्लास्टिकचं काय करतं ते आधी दिसलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रयोगशाळांतले निष्कर्ष आपल्या बरण्यांना लावताना आकार पाहा. 2010 मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या गटाने क्लोरेला (असंच एक सूक्ष्म हिरवं शेवाळ) आणि सीनडेस्मसवर 20 नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे मणी वापरले. धनभारित मणी पेशींना जास्त चिकटले आणि प्रकाशसंश्लेषण मंदावलं. 10 मायक्रॉनच्या पेशीपुढे असा मणी पाचशेपट लहान. तिथे कण पेशीवर बसतो, आपल्याकडे पेशी कणावर. 2018 मध्ये क्लोरेलावर झालेल्या अभ्यासात वाढ सुरुवातीला मंदावली आणि पुढे सावरली, म्हणून दोन-तीन दिवसांत निकाल लावू नका.

पुढची पूड पाण्याच्या बाटलीची, म्हणजे पीईटीची. तिची घनता 1.38, ती पहिल्यापासून तळाशीच बसेल. उजेड अडण्याचा प्रश्न तिथे बराच कमी होईल आणि चिकटण्याचा परिणाम वेगळा दिसेल, असा अंदाज आहे. कुणी पीईटीवर आधी काम केलं असेल तर पूड किती घेतली ते जरूर सांगा.

आणि बरण्या रिकाम्या करताना पाणी मोरीत ओतू नका. आधी गाळा, कागद वाळवून सुक्या कचऱ्यात टाका.