दोन ओळींच्या लेखाला महिना का लागतो?

‘हे एक मराठी लेखक होते.’ मराठी विकिपीडियावरील कित्येक चरित्रलेख अशा एखाद्या वाक्यावर येऊन थांबलेले आहेत. ते मी सवडीने वाढवतो हे कळल्यापासून कचेरीतले सहकारी आणि लोकलमधले नेहमीचे सोबती एकच प्रश्न विचारतात: दोन ओळींत आणखी दहा ओळी घालायला महिना कसा लागतो? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

दहा ओळी लिहायला एक संध्याकाळ पुरते. महिना जातो तो आधीच्या दोन ओळी खऱ्या आहेत का, हे पाहण्यात. (‘प्राणज्योत मालवली’ खोडून ‘निधन झाले’ लिहायला अर्धे मिनिट लागते, त्यावर नाराज झालेल्या चाहत्यांना लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर उत्तर देण्यात जाणारा वेळ मी मोजत नाही.)

‘पहिल्या’ हा शब्दच घ्या. आनंदीबाई जोशी यांना १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली. परंतु व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच, १८८७च्या फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले. कादंबिनी गांगुली त्याच सुमारास कलकत्त्यात शिकून डॉक्टर झाल्या, तर मुंबईच्या रखमाबाईंनी लंडनहून परतल्यावर सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. ‘पहिल्या महिला डॉक्टर’ हे बिरुद तिघींच्याही नावामागे आढळते. पहिल्या नेमक्या कशात, हे सांगितले नाही तर ते वाक्य गौरवाचे असले तरी माहितीचे नसते.

तारखांचे दुखणे याहून जुने आहे. ६ जानेवारी ही बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीख म्हणून सर्रास छापली जाते; वास्तविक १८३२ साली त्या दिवशी त्यांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. त्या दिवशी पत्रकार दिन साजरा होतो, आणि अंकाचा वाढदिवस संपादकाची जयंती होऊन बसतो.

एकोणिसाव्या शतकातील माणसांचा जन्म जुन्या चरित्रांत बहुधा शके आणि तिथीने दिलेला असतो. म्हणून शनिवारी मी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादरच्या संदर्भ विभागात जाऊन बसतो आणि चित्रावशास्त्र्यांच्या १९४६च्या अर्वाचीन चरित्रकोशापासून सुरुवात करतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. परंतु शक वर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात, आणि पौषाच्या आसपास तर तिथी-तारखांची जंत्री उघडल्यावाचून गत्यंतर नसते. माघातल्या एका जन्माला मी स्वतः ७८ मिळवले होते. आठ महिन्यांनी चूक ध्यानात आली, तेव्हा साल बदलले आणि चर्चा पानावर तशी कबुलीही लिहिली.

तोपर्यंत दोन संकेतस्थळांनी ते चुकीचे साल जसेच्या तसे उचलले होते. परवा एका नव्या सदस्याने माझी दुरुस्ती उलटवून जुने साल परत घातले, आणि संदर्भ म्हणून त्यांपैकीच एका संकेतस्थळाचा दुवा जोडला. चालू महिना त्यांची समजूत काढण्यात जातो आहे.