सिंहगडाच्या घाटात क्लचची परीक्षा : जुनी स्प्लेंडर, स्वारगेट ते गड

गाडी २००४ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, चार गिअर. माणसं दोन, सामान नाही. तक्रार एवढीच की ‘पिकअप गेलंय’. या तक्रारीवर बहुतेक ठिकाणी आधी कार्ब्युरेटर उघडला जातो, म्हणून मुद्दाम घाट निवडला. सपाट रस्त्यावर क्लचचं दुखणं बरेच दिवस लपून राहतं.

सिंहगड रस्त्याच्या गर्दीत विशेष काही जाणवलं नाही. खडकवासल्याच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०ला थ्रॉटल एकदम पूर्ण पिळला. इंजिनाचा आवाज आधी चढला, स्पीडोमीटरचा काटा मागून सावकाश आला. क्लच घसरायला लागला (म्हणजे त्याच्या प्लेटांची पकड सुटून इंजिनाचा जोर चाकापर्यंत पूर्ण पोचेनासा झाला) की तो आधी टॉप गिअरमध्येच घसरतो, त्यामुळे ही चाचणी तिथेच करायची.

गोळेवाडीच्या पुढे चढ लागला आणि शंका उरली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, गाडी मात्र रांगतेय आणि उजव्या कव्हरजवळ जळका वास. मागचा माणूस उतरला की घसरणं थांबायचं, बसला की पुन्हा सुरू. इंजिनातच दम नसेल तर चढावर आवाज दबतो, वाढत नाही. हा फरक कानाला पक्का ओळखता यायला हवा. चेन स्प्रॉकेटवरून उडत असेल तर खटका आणि झटका बसतो. ब्रेक धरून राहिला असेल तर ड्रम तापतो आणि मेन स्टँडवर चाक हाताने मोकळं फिरत नाही. बुलेटवाल्यांना आणखी एक खूण मिळते : तिची किक क्लचमधूनच जाते, त्यामुळे क्लच घसरत असेल तर किक पोकळ जाते. (किकचं रॅचेट झिजलं तरी तसंच होतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.)

वळणावरच्या सपाट जागी गाडी थांबवून लिव्हर तपासला. टोकाशी १० ते २० मिमी ढिला खेळ हवा. इथे शून्य होता. प्लेटा झिजतात तशी केबल ढिली होत नाही, उलट ताणली जाते, कारण प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट त्यांच्याकडे सरकते आणि क्लच सोडवणाऱ्या (रिलीजच्या) भागातली मोकळी जागा संपते. मग लिव्हर न दाबताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, स्प्रिंगचा पूर्ण जोर प्लेटांवर पडत नाही. म्हणून दर महिन्याला खेळ बघा. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही बघा, केबल कुठे अडकत असेल तर खेळ बदलतो.

आधी लिव्हरजवळचा अॅडजस्टर, तो पुरला नाही तर खालचा सैल केला. १५ मिमी खेळ ठेवल्यावर फरक पडला, पण पुढच्या उभ्या चढावर तिसऱ्यात पुन्हा घसरली. तिथून परत. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरत आणली. घसरणाऱ्या क्लचवर इंजिन ब्रेकिंगही अर्धवटच मिळतं, ड्रमचा वास आला की थांबायचं.

खाली आल्यावर पाहायचं ते ऑइल. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं. एमबी हे कमी घर्षणाचं, ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या क्लचला चालत नाही. कारचं इंधन वाचवणारं ऑइलही नको, आणि वरून टाकायची ‘स्मूथनेस’ची बाटली तर मुळीच नको. या गाडीत ऑइल बरोबर होतं, म्हणून कव्हर उघडण्याची वेळ आली.

ऑइल काढा, केबल सोडवा, किकचा दांडा आणि आड येणारं सगळं उतरवा. क्लचच्या स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, लावतानाही तसेच आवळा. ६ मिमीचे बोल्ट असतात, जोर केला तर दांडेच तुटतात. प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहा. लोखंडी प्लेटा निळ्या पडल्या असतील तर बदला. नसतील तर काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासा. स्प्रिंगची मोकळी लांबीही मोजा, नव्या प्लेटा आणि थकलेल्या स्प्रिंग म्हणजे अर्धं काम. हाऊसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या) बोटांवर प्लेटांचे खड्डे पडले असतील तर प्लेटा नीट सरकत नाहीत.

प्लेटा, स्प्रिंग आणि कव्हरचं पॅकिंग हे सगळं पुण्याच्या नाना पेठेत एका फेरीत मिळतं; जुना नमुना हातात घेऊन जा, इंजिन नंबर लिहून न्या. नव्या प्लेटा रात्रभर त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर जळू शकतात. कव्हर उघडलंच आहे तर सेंट्रिफ्यूगल फिल्टर (फिरून ऑइलमधला गाळ वेगळा करणारा) आणि ऑइलची जाळी पुसून घ्या.

पहिले ३०० किमी घाट आणि ओझं टाळा, मग खेळ पुन्हा मोजा. प्लेटा बसल्या की तो कमी होतो.